आधी तीन, मग सात

एप्रिल लागला की माझ्या ऑफिसातल्या मुली एकेक करून सुट्टीचा अर्ज आणून ठेवतात. कारणाच्या जागी सगळ्यांचं एकच लिहिलेलं असतं, परीक्षा. कुणाची एम.कॉम.ची, कुणाची सी.ए.ची. हुबळीच्या केशवापुरातलं माझं ऑफिस तीन खोल्यांचं, आणि महिनाभर त्यात मी, एक कुरकुरणारा पंखा आणि अर्धवट राहिलेल्या फायली एवढंच उरतं. मीही थोडी कुरकुर करते, मग सही करते आणि 'वेळेवर जेवत जा ग' असं सांगून त्यांना पाठवते. त्या जिना उतरून जातात. खाली रस्त्यावर उसाच्या रसाच्या गाड्याचे घुंगरू वाजत असतात आणि मला अक्काची कावीळ आठवते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुनंदा. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात ती सी.ए. व्हायला निघाली होती. झाले मी. मला सांगायचं ते एवढंच आहे, पण ते सरळ सांगायला जमत नाही. दरवर्षी या दिवसांत ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं, म्हणून तसंच लिहिते आहे.

अक्का तेव्हा धारवाडला विद्यापीठात एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि सप्तापुरात खोली घेऊन राहत होती. माझी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा लवकर आटोपली, तेव्हा आईनं मला तिच्या सोबतीला धाडलं. सोबत म्हणजे काय, तर सकाळी अवलक्की म्हणजे पोहे करायचे, संध्याकाळी कोपऱ्यावरून चुरमुऱ्यांचं गिरमीट आणायचं आणि मधल्या वेळात गप्प बसायचं. शेवटचं मला अजिबात जमत नसे. खोलीत दोन लोखंडी कॉट होत्या. एक अक्काची, दुसरी मिरजेच्या वैशालीची. मी खाली गादीवर. खिडकीबाहेर फणसाचं झाड होतं आणि त्याचा वास दुपारी इतका दाटायचा, की पुस्तकांनाही तोच वास लागला होता. शेजारच्या खोलीतल्या इतिहासाच्या मुली येरझारा घालत मोठमोठ्यानं पाठ करायच्या. आमच्या खोलीत मात्र पेन्सिलीचा आणि कॅल्क्युलेटरच्या बटणांचा तेवढा आवाज. अकाउंट्सचा अभ्यास बाहेरून बघणाऱ्याला फारच कंटाळवाणा दिसतो. मलाही तो तसाच दिसे.

पण ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की अक्का पेन खाली ठेवायची आणि अगदी हळू म्हणायची, "टॅली झालं." कुणाला ऐकवायला नव्हे. त्या वेळी तिच्या तोंडावर जे समाधान असे, ते मी पुढे अनेक पास झालेल्या, नोकरी लागलेल्या, लग्न ठरलेल्या मुलींच्या तोंडावर शोधलं आहे. फारसं सापडलं नाही. जुळलं नाही की ती चिडत नसे. फरक काढायची आणि त्याला नऊने भाग जातो का ते बघायची. त्यांच्या कॉस्टिंगच्या सरांनी शिकवलेली युक्ती होती ती. दोन आकड्यांची अदलाबदल होऊन चूक झाली असेल, त्र्याऐंशीचे अडतीस झाले असतील, तर फरकाला नऊने नेमका भाग जातो. मला तेव्हा ती जादू वाटली होती. आज माझ्या ऑफिसातल्या प्रत्येक नव्या मुलीला मी ती पहिल्या आठवड्यातच शिकवते, आणि शिकवताना दरवेळी माझा आवाज जरासा बदलतो.

कॉस्टिंग हा अक्काचा जीव की प्राण. हुबळीच्या दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान होतं, आणि लहानपणी ती तिथं गादीवर बसून विचारायची, या मीटरभर कापडात काय काय आहे? सूत किती, रंग किती, मागावर बसलेल्या माणसाचा दिवसाचा किती भाग, दिव्याचा किती? अप्पा हसून म्हणायचे, हे सगळं मोजत बसलं तर कापड विकायचं कुणी? तिला मात्र खरंच जाणून घ्यायचं असायचं. एखाद्या वस्तूत किती जणांचं काय काय गेलं आहे हे शोधून काढता येतं, याचं तिला नवल वाटे. अशा प्रश्नांवर माणसाला पोट भरता येतं हे तिला विद्यापीठात गेल्यावर कळलं, आणि मग तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. सी.ए.ची पहिली परीक्षा तिनं एम.कॉम. करता करताच पास केली होती. पुण्याच्या एका सी.ए.च्या ऑफिसात तिला आर्टिकलशिप मिळत होती. तीन वर्षं त्यांच्या हाताखाली काम करायचं आणि उरलेल्या परीक्षा द्यायच्या.

अप्पांनी नाही म्हटलं नाही. आमचे अप्पा तसे नाही म्हणणारे नव्हतेच. त्यांनी एक अट घातली. फर्स्ट क्लास आला तर पुण्याला जा. नाहीतर इचलकरंजीचं स्थळ सांगून आलं आहे, त्याला हो म्हणू. जेवताना अगदी शांतपणे त्यांनी हे सांगितलं आणि अक्कानं तितक्याच शांतपणे मान डोलावली. तिला खात्री होती. मलाही होती. मी तर तिच्यासाठी ट्रंक पुसून ठेवली होती.

शेवटच्या दोन पेपरांच्या आधी तिला ताप भरला. पोटात अन्न ठरेना. वैशाली आणि मी तिला रिक्षात घालून परीक्षेच्या हॉलपर्यंत नेत होतो आणि बाहेर गुलमोहराखाली बसून राहत होतो. कॉस्टिंगचा पेपर त्यातलाच. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे पिवळे दिसत होते, पण पेपर चांगला गेला असं म्हणाली. कावीळ आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं. मग आम्ही हुबळीला घरी आलो. महिनाभर ताकभात, उसाचा रस आणि आतल्या खोलीतली ती कॉट. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात फोडणीचा वास म्हणून आला नाही, कारण तिला तो सोसत नसे. आई आमच्यासाठीसुद्धा तसलंच करायची. मी रोज तोंड वाकडं करून जेवले.

आता त्या फोनबद्दल सांगायचं तर आधी आमच्या आकड्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात बोलणं मराठी, पण शाळा कानडी. बाजार कानडी. त्यामुळे आम्हा बहिणींची भाषा मराठी आणि आकडे कानडी, असा सगळा मामला. कानडीत आधी दशक म्हणतात, मग एकक. एप्पत्तमूरु, म्हणजे सत्तर आणि तीन. जसं बोलायचं तसंच लिहायचं, आधी सात, मग तीन. मराठीत उलटं. त्र्याहत्तर. आधी तीन ऐकू येतात आणि सत्तर मागून. पुण्याकडच्या माणसाला यात काही अडचण वाटत नाही, तो शब्द पुरता ऐकून मग लिहितो. आमच्यासारख्यांना मराठी आकडा आला की मनात तो कानडीत फिरवून घ्यावा लागतो. दुकानात अप्पा मराठीत बेरीज म्हणू लागले की आम्ही दोघी क्षणभर मागे पडायचो, आणि अप्पा आम्हाला चिडवायचे.

निकाल लागला तेव्हा जून नुकता सुरू झाला होता. अक्का उठून धारवाडला जाण्याच्या अवस्थेत नव्हती. वैशालीनं विभागाच्या बोर्डावर बघून बूथवरून फोन केला. दुपारची वेळ होती, अप्पा दुकानातून जेवायला आले होते. मी फोन घेतला. वैशालीचा आवाज रडवेला होता. तिचा स्वतःचा एक विषय गेला होता, पण हे मला तेव्हा कुठे माहीत? तो आवाज ऐकूनच मी वाईट बातमी धरून चालले आणि कागद-पेन ओढलं. तिनं घाईघाईनं मार्क सांगायला सुरुवात केली. बासष्ट. अठ्ठावन्न. दोन्ही मी नीट ऐकून, फिरवून, लिहिले. मग कॉस्टिंग. तेवढ्यात आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, कुणाचा फोन? मी मान वळवली आणि कानावर येईल तसं लिहीत गेले. आधी तीन, मग सात. पुढे चौसष्ट, एकसष्ट. एकूण तीनशे अठरा. आणि फोन बंद झाला. तिच्याकडची नाणी संपली असणार.

चिठ्ठी मी अप्पांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. वाचून झाल्यावर ते म्हणाले, एका विषयात गेली. आईनं पदर तोंडाला लावला. अप्पा आत गेले, कॉटच्या कडेला बसले आणि अक्काच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "तुझा काही दोष नाही बाळ. तापातच लिहिलीस तू." अक्कानं हात पुढे केला, मी चिठ्ठी तिच्याकडे दिली. तिनं ती वरून खाली एकदा वाचली. मग अप्पांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं असं मला आठवतं, पण आठवणीत वेळ लांबतो. मग म्हणाली, "बरं." चिठ्ठी घडी करून तिनं उशाखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. ती रडते आहे असं समजून मी बाहेर आले.

पुढचं सगळं फार पटापट झालं. इचलकरंजीची माणसं पाचव्या दिवशी आली, सुपारी फुटली. पुण्याच्या ऑफिसात अप्पांनी स्वतः फोन करून नाही म्हणून कळवलं. नवव्या दिवशी अप्पाच मार्कांचं कार्ड आणायला धारवाडला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात कार्ड होतं आणि दुसऱ्या हातात पेढे. कार्डावर कॉस्टिंगला त्र्याहत्तर होते. फर्स्ट क्लास होता. आई हसावं की रडावं अशी उभी राहिली. अप्पा म्हणाले, "फोनची लाईन खराब होती." मी कार्डाकडे बघितलं आणि मला माझा हात दिसला, आधी तीन लिहिणारा. लाईन खराब नव्हती. वैशालीचा शब्दन्‌शब्द मला स्वच्छ ऐकू आला होता. मी गप्प राहिले. सुपारी फुटली होती, दिलेला शब्द मागे घेण्याची आमच्या घरात रीत नव्हती आणि माझ्यात तोंड उघडायचं धैर्य नव्हतं. अक्काचं दिवाळीनंतर लग्न झालं.

त्याच पावसाळ्यात अप्पांनी मला जवळ बोलावून सांगितलं, तू पाहिजे तेवढं शीक. अट नाही, काही नाही. मला अकाउंट्सची गोडी नव्हती हो. मी अक्काच्या वाटेनं गेले ती प्रायश्चित्त म्हणून, आणि कोणी म्हणेल, लाभ म्हणूनही. पुण्याला जाऊन आर्टिकलशिप केली. परीक्षांत दोनदा आपटले, तिसऱ्यांदा निघाले. आज माझ्या नावाची पाटी आहे. एम.कॉम. करून पुढे काय, असं विचारत मुली येतात, त्यांना मी सगळं समजावून सांगते. बँकेच्या परीक्षा आहेत, सरकारी लेखा खात्यात जाता येतं, प्राध्यापक होता येतं, जी.एस.टी.ची कामं घेता येतात. घरी बसूनसुद्धा बंगळूरच्या कंपन्यांची खाती सांभाळणाऱ्या मुली आहेत आमच्या हुबळीत. आणि एखादीला खरंच खोलात शिरायचं असेल तर कॉस्टिंग. हे सांगताना समोरच्या मुलीच्या डोळ्यांत काही हललं की मी तिच्या वडिलांचा फोन नंबर घेते आणि स्वतः बोलते. माझ्या या सवयीला ऑफिसात सगळ्या हसतात.

अक्काचं वाईट झालं असं म्हणता येणार नाही. म्हणूनच ते दुखतं. भावजी सज्जन आहेत, चार मागांचे बारा झाले, मुलगा शिकून नोकरीला लागला. भावजींनी तिला कितीदा म्हटलं, कारखान्याच्या वह्या तू बघ. तिनं कधी हात लावला नाही. दहावीच्या मुलांना गणित शिकवलं, गौरी-गणपती केले. दिवसभर मागांचा खडखडाट तिच्या भिंतीपलीकडे चालतो, पण मीटरभर कापडात काय काय आहे हे तिनं पुन्हा कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. फोनवर मी माझ्या कामाचं बोलू लागले की ती कौतुकानं ऐकते आणि मग भाजी काय केलीस म्हणून विचारते.

यंदा मुली सुट्टीवर गेल्या तेव्हा मला ते बंद ऑफिस सोसेना. फायली तशाच टाकून दोन दिवस इचलकरंजीला गेले. दुपारी आम्ही दोघी लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसलो होतो. अडकित्ता तिच्या हातात, बाठी काढायचं काम माझं. तिचे केस बरेच पांढरे झाले आहेत. मागांची दुपारची सुट्टी होती, त्यामुळे घर कधी नव्हे इतकं शांत होतं, आणि त्या शांततेत मी बोलून गेले. म्हटलं, अक्का, लाईन खराब नव्हती. माझ्या हातून आकडा उलटा पडला. तुझं सगळं मी घालवलं.

तिनं हातातली कैरी फोडून बाजूला ठेवली.

"मला ठाऊक आहे की ग," ती म्हणाली. "मी बेरीज केलो होतो. तिथंच, कॉटवर. छत्तीस कमी येत होते."

आमच्याकडच्या बायका 'केलो', 'गेलो' असंच बोलतात. मी पुण्याला जाऊन ते विसरले. त्या घटकेला मला वाटलं, ती कुणा दुसऱ्याचंच सांगते आहे.

"मग बोलली का नाहीस?"

"तू अप्पांचं तोंड बघितली नाहीस," अक्का म्हणाली. "मी बघितलो. चिठ्ठी वाचून त्यांचं तोंड सैल झालं ग. राग नव्हता, वाईट वाटलेलं नव्हतं. सुटल्यासारखे झाले होते ते. मला एकटीला पुण्याला धाडायचं म्हणून महिनाभर किती भ्याले होते, ते मला तेव्हा कळलं. बेरीज दाखवलो असतो तर शब्द मोडले नसते, धाडलेच असते. पण ते तोंड बघितल्यावर मला जायला येईना."

अप्पा म्हणजे पानभर आकड्यांवरून नुसतं बोट फिरवून बेरीज सांगणारा माणूस. पाच आकडे आणि खाली तीनशे अठरा. माझ्या मनात जे आलं ते मी विचारलं, "अप्पांना दिसलं नसेल?"

"ते मला नको," अक्का म्हणाली, आणि पुढची कैरी घेतली.

परतीच्या बसमध्ये मला आधी तिचा राग आला. इतकी वर्षं मी हा अपराध जपून ठेवला होता, त्याच्या जोरावर शिकले, त्याच्या जोरावर परक्या मुलींच्या बापांशी भांडले, आणि तो माझा नव्हताच म्हणे. मग निपाणी गेलं, बेळगाव गेलं आणि राग ओसरला. उरलं ते नुसतं दुःख. बावीस-तेवीस वर्षांची ती मुलगी, पिवळ्या डोळ्यांची, उशीला टेकून बसलेली, हातात आपला फर्स्ट क्लास धरून आहे आणि तो कुणाला दाखवत नाही. त्या खोलीतून पुढे निघून गेलेली मी एकटीच, आणि मला वाटलं होतं ती रडते आहे.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. अप्पा माझ्याकडेच असतात. ऐंशी पार केली आहे, कानानं कमी ऐकू येतं. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. माझी पिशवी खाली ठेवू दिली, पाणी पिऊ दिलं, मग विचारलं, सुनंदा कशी आहे? बरी आहे, म्हटलं. लोणचं घालते आहे, तुम्हाला बरणी पाठवणार आहे. त्यांनी मान डोलावली.

"जुनं काही बोलली?"

मी त्यांच्या कानाशी वाकले.

"नाही अप्पा," मी म्हणाले. "काहीच नाही."

आणि त्यांचं तोंड सैल झालेलं मी पाहिलं.